प्रगतिपुस्तकावर मुख्याध्यापकांचा शेरा: कोणाला, कधी आणि कसा

प्रगतिपुस्तकात तीन सह्यांच्या जागा असतात: वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक. बऱ्याच पुस्तकांत मुख्याध्यापकांच्या सहीच्या वर शेऱ्यासाठी एक-दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या असतात. त्यांवर ‘समाधानकारक’ नाहीतर ‘अधिक मेहनत घ्यावी’ असं लिहिलेलं असतं, किंवा नुसताच गोल शिक्का असतो. मुलं ते वाचतात. निकाल हातात पडल्यावर पाच मिनिटांत बाकाबाकावर पुस्तकांची अदलाबदल होते आणि एकच वाक्य सतराजणांच्या पुस्तकावर आहे हे सगळ्या वर्गाला कळतं. मग त्या वाक्याला काही किंमत राहत नाही.

मुख्याध्यापकांनी स्वतःच्या हाताने शेरा लिहावा का? लिहावा, पण ज्या मुलाबद्दल स्वतः पाहिलेली एक तरी ठोस गोष्ट सांगता येते त्याच्याच पुस्तकावर. जिथे तसं काही हाताशी नाही तिथे स्वच्छ सही करावी आणि ओळ कोरी ठेवावी. कोरी ओळ कोणाला लागत नाही. उसना शेरा मात्र मुलाला सांगतो की शाळेच्या प्रमुखाला आपण माहीतच नाही.

श्रेणीत जे दिसत नाही ते

महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. पहिली-दुसरीला आकारिक (सत्रभराच्या रोजच्या कामावरून) ७० टक्के आणि संकलित (सत्राच्या शेवटच्या चाचणीवरून) ३०, सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६० असा भार. वर्णनात्मक नोंदी वर्गशिक्षक करतात: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. म्हणजे मूल अभ्यासात कसं आहे हे पुस्तकात आधीच आलेलं असतं. तेच मुख्याध्यापकांनी वेगळ्या शब्दांत लिहिलं तर शाई वाया जाते.

मुख्याध्यापकांना खरं काम आहे ते श्रेणीच्या फटींत. ब-१ म्हणजे ७१ ते ८० टक्के. पहिल्या सत्रात ७१ टक्के आणि दुसऱ्यात ७९ मिळवणाऱ्या मुलीची श्रेणी दोन्ही वेळा ब-१ च छापली जाते. आई-वडिलांना वाटतं, पोरगी जिथल्या तिथेच आहे. उलट ७० वरून ७१ वर गेलेला मुलगा ब-२ मधून ब-१ मध्ये जातो आणि घरी पेढे येतात. निकालपत्रक समोर ठेवून दोन्ही सत्रांची टक्केवारी शेजारी शेजारी पाहिली की अशी मुलं लगेच सापडतात. त्यांच्या पुस्तकावर एक ओळ लिहिणं हा मुख्याध्यापकांच्या शेऱ्याचा सर्वांत चांगला उपयोग आहे असं आमचं ठाम मत आहे, कारण सगळ्या तुकड्यांची निकालपत्रकं एकत्र त्यांच्याच टेबलावर येतात.

वेळेचा हिशेब आधी मांडा

मुंबईतली मध्यम आकाराची शाळा धरू: १२ तुकड्या, प्रत्येकीत ४५ मुलं, एकूण ५४०. एका पुस्तकाला ३ मिनिटं म्हटली तरी २७ तास लागतात. निकालाच्या आठवड्यात एवढा वेळ कोणालाही मिळत नाही, विशेषतः सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांच्या शाळेत. म्हणून पहिल्या दोन तुकड्यांवर सुंदर शेरे, पुढच्या चारांवर ‘छान’, आणि उरलेल्यांवर शिक्का असा प्रकार होतो. शेवटच्या तुकड्यांतल्या मुलांचा दोष एवढाच की त्यांचा गठ्ठा खाली होता.

उपाय सोपा आहे. वर्षातून प्रत्येक मुलाला एक शेरा हे उद्दिष्ट ठेवा. हजेरी क्रमांकाने विषम क्रमांकाच्या मुलांना प्रथम सत्रात, सम क्रमांकाच्या मुलांना द्वितीय सत्रात. एका सत्रात २७० पुस्तकं, साडेतेरा तास, म्हणजे रोज दीड तास असे नऊ दिवस. एका बैठकीत तीसपेक्षा जास्त पुस्तकं घेऊ नका. तिसाव्यानंतर वाक्यं एकसारखी व्हायला लागतात. ही वाटणी वर्गशिक्षकांना आणि पालकसभेत आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘तिच्या पुस्तकावर लिहिलंय, माझ्या का नाही’ हा प्रश्न येणारच. मुलांना कारण माहीत असलं की ती आपल्या पाळीची वाट पाहतात.

नोंदी जूनपासून, निकालाच्या दिवशी नव्हे

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक तुकडीला पंधरा-सोळा पानं द्या, एका पानावर तीन नावं. नावापुढे तारीख आणि पाहिलेली गोष्ट, बस. दिवसाला तीन मुलं. आठवड्याचे सहा दिवस, पंधरा आठवडे, झाली २७० मुलं. जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली तर सप्टेंबरअखेर यादी पुरी होते. गणपतीच्या आणि पावसाच्या सुट्ट्या धरल्या तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत.

तीन मुलं पाहायची कुठे? सर्वांत चांगली जागा म्हणजे बदली तास. शिक्षक रजेवर असले की पर्यवेक्षकांना पाठवण्याऐवजी आठवड्यातून दोन तास स्वतः घ्या. पाठ्यपुस्तकातल्या पाच-पाच ओळी वाचायला सांगा. जोडाक्षरावर कोण अडतं, कोण स्वल्पविरामाला थांबतं, शेजारच्याला शब्द कोण सांगतं हे एका तासात दिसतं. दुसरी जागा वह्या. दर सोमवारी प्रत्येक वर्गशिक्षकाकडून यादीतल्या दोन मुलांच्या गणिताच्या वह्या मागवा. हुशार मुलांच्या निवडून आणू नयेत असं स्पष्ट सांगा. मधली सुट्टी, पोषण आहाराची रांग, परिपाठ आणि मैदान यांतूनही मिळतं, पण घाईत पाहिलं तर तिथे फक्त धीट मुलंच दिसतात.

वहीतून शेरा कसा निघतो ते एकदा नीट पाहू. पाचवीतल्या एका वहीत ६१२ भागिले ६ असं उदाहरण आहे आणि उत्तर लिहिलंय १२. मुलीने सहाला सहाने भागलं, एक लिहिला. मग १ खाली घेतला, भाग जात नाही म्हणून तशीच पुढे गेली, २ खाली घेतला, बारा झाले, दोन लिहिले. भाग जात नाही तेव्हा वर शून्य मांडायचं हे राहून गेलं. उत्तर १०२ हवं. जुलैच्या पानांवर हीच चूक सहा ठिकाणी आहे. सप्टेंबरच्या पानांवर एकदाही नाही, आणि दोन ठिकाणी शून्य जरा ठसठशीत काढलंय, पेन्सिल दाबून. आता पुस्तकावर लिहा:

‘भागाकारात मधलं शून्य सुटायचं, सप्टेंबरच्या वहीत ते एकदाही सुटलं नाही. आता दशांश चिन्हाकडे असंच लक्ष दे.’

हे वाक्य दुसऱ्या कोणाच्याही पुस्तकावर चालणार नाही. कसोटी हीच: लिहिण्याआधी नावावर बोट ठेवून शेरा मनात म्हणा. शेजारच्या मुलालाही तो लागू पडत असेल तर लिहायचाच नाही.

वाक्य कसं बांधायचं

जागा साधारण दोन ओळींची असते, म्हणजे पंधरा ते अठरा शब्द. पहिल्या वाक्यात पाहिलेली गोष्ट, दुसऱ्यात पुढचं एक पाऊल. दोनच. तिसरं वाक्य आलं की उपदेश सुरू होतो.

मुलाशी बोला, ‘सदर पाल्य’ म्हणू नका. तू म्हणा, नावाने हाक मारा. हजेरीपटावर आडनाव आधी असतं, त्यामुळे घाईत आडनावानेच सुरुवात होते. नाव शोधून लिहा.

मराठीत एक खड्डा कायम आहे: क्रियापदाचं लिंग. मुलीच्या पुस्तकावर ‘चांगला वाचतोस’ गेलं की बाकी सगळं फुकट. तीस पुस्तकं ओळीने लिहिताना ही चूक होतेच. त्यावर युक्ती अशी की वाक्य भूतकाळात आणि कर्म ठेवून लिहायचं. ‘तू कविता चालीवर म्हटलीस’, ‘तू प्रयोगाची आकृती नीट काढलीस’, ‘तू पूर्ण धडा न अडता वाचलास’. इथे क्रियापद कवितेप्रमाणे, आकृतीप्रमाणे, धड्याप्रमाणे चालतं, मुलगा असो की मुलगी. शिवाय भूतकाळात लिहायचं म्हटलं की काहीतरी घडलेलंच सांगावं लागतं. ‘तू हुशार आहेस’ अशी हवेतली वाक्यं आपोआप गळतात. ‘आलास-आलीस’सारख्या क्रियापदांना ही युक्ती चालत नाही, तिथे डोळे उघडे ठेवा.

‘पण’ हा शब्द टाळा. ‘अक्षर सुंदर आहे पण शुद्धलेखन कच्चं’ यातला पहिला भाग मुलाच्या डोक्यात राहत नाही. ‘आता’ वापरून पाहा: ‘अक्षर वळणदार झालं. आता ऱ्हस्व-दीर्घ पक्कं करू.’ ‘करू’मध्ये शाळाही सोबत आहे हे कळतं.

पहिली-दुसरीच्या पुस्तकावर सोपे, सुटे शब्द लिहा; मूल स्वतः वाचायचा प्रयत्न करतं. मुंबईतल्या मराठी शाळेत घरी हिंदी, कन्नड, गुजराती किंवा उर्दू बोलणारी मुलंही असतात आणि पुष्कळ घरांत प्रगतिपुस्तक मूलच आईला वाचून दाखवतं. म्हणून अक्षरं सुटी, शिरोरेषेसह काढा. मुख्याध्यापकांचं घाईचं, शिरोरेषा नसलेलं वळण सातवीच्या मुलालाही लागत नाही.

जे पुस्तकावर कधीच नको

चाळीत काय आणि टॉवरमध्ये काय, प्रगतिपुस्तक एका घरात राहत नाही. शेजारच्या काकू पाहतात, क्लासवाले फोटो मागतात, गावाकडे आजोबांना व्हॉट्सॲपवर जातं. घर दिव्याला, विरारला, बदलापूरला हललं की शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर ते नव्या शाळेतही जातं आणि नवे मुख्याध्यापक मुलाला पाहण्याआधी तुमची ओळ वाचतात. जे वाक्य जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचता येणार नाही ते लिहू नका.

मुलाच्या स्वभावावर शिक्का नको: आळशी, उद्धट, चंचल, मठ्ठ. भावंडांशी तुलना नको. ‘ताईसारखी प्रगती अपेक्षित’ हा शेरा दोन बहिणींमध्ये वर्षभर भांडण लावतो. शरीर, रंग, कपडे, आई-वडिलांचं काम, घरची परिस्थिती यांतलं काही नको, कौतुक म्हणूनही नको. ‘गरिबीतून पुढे येत आहे’ हे लिहिणाऱ्याला चांगलं वाटतं, वाचणाऱ्या मुलाला वर्गात मान खाली घालायला लावतं. भविष्यवाणी नको: ‘दहावीत अवघड जाईल.’ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे, आणि कागदावर लिहून दिलेला अपमान हा अपमानच असतो.

फी बाकी असल्याचा उल्लेख प्रगतिपुस्तकावर करू नका, पेन्सिलनेसुद्धा नाही. तो व्यवहार शाळा आणि पालक यांच्यातला आहे, त्यासाठी कार्यालयातून बंद पाकीट किंवा फोन.

सायन किंवा नायरसारख्या रुग्णालयातून अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालेल्या मुलाच्या पुस्तकावर त्या अक्षमतेचं नाव येऊ देऊ नका. प्रमाणपत्राची प्रत कार्यालयाच्या फाइलमध्ये राहते, सवलती तिथून मिळतात. त्या मुलाला शेरा मात्र जरूर लिहा, आणि तो त्याने काय केलं याबद्दलच असू द्या.

अवघड पुस्तकं

कमी हजेरीचं पुस्तक समोर आलं की हात ‘उपस्थिती वाढवावी’कडे जातो. आधी हजेरीपत्रक उघडून महिन्यावार पाहा. जुलैत पावसाने गाड्या बंद पडलेल्या दिवसांचे खाडे, गणपतीला कोकणात गेलेल्या आठवड्याचे खाडे आणि जून ते ऑक्टोबर दर सोमवारी पडणारा खाडा या तीन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोहोंवर काही लिहायचं नाही. तिसऱ्यावरही लिहायचं नाही, पालकांना बोलवायचं. दर सोमवारच्या खाड्यामागे धाकट्या भावाला सांभाळणं असू शकतं, आजार असू शकतो, शाळेत कोणाची तरी भीतीही असू शकते. हे शेऱ्याने सुटत नाही, उलट बंद दाराआड बोलायची गोष्ट उघड्यावर येते.

पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. तीत कमी पडलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची असते. अशा पुस्तकावर सांत्वन नको. कोणत्या विषयात काय जमलं आणि काय राहिलं ते लिहा: ‘बेरीज-वजाबाकीची सर्व उदाहरणं तू बरोबर सोडवलीस. अपूर्णांक राहिले आहेत, तेवढे आपण करू.’ तारखा, वेळ, वर्ग हे वेगळ्या चिठ्ठीवर द्या. पुस्तक कपाटात जातं, चिठ्ठी फ्रिजवर लागते.

घरी मृत्यू झाला असेल, आई-वडील वेगळे राहत असतील तर पुस्तकावर त्याची सावलीही नको. नेहमीसारखा, अभ्यासातल्या एका गोष्टीचा शेरा लिहा. त्या मुलाला त्या दिवशी तेच हवं असतं.

वर्गशिक्षकांच्या नोंदी आधी वाचा

गठ्ठा हातात आला की सहीआधी वर्णनात्मक नोंदी वाचा. ‘वर्गात गोंधळ घालतो’, ‘आकलन नाही’ अशी नोंद दिसली तर तिच्याखाली गोड शेरा लिहून भरपाई करू नका. पालकांना दोन तोंडांची शाळा दिसते आणि वर्गशिक्षकांची वर्गात पंचाईत होते. पुस्तक परत द्या, वर्गशिक्षकांशी बोला, नोंद त्यांनाच बदलू द्या. यासाठी गठ्ठे निकालाच्या निदान दहा दिवस आधी तुमच्याकडे यायला हवेत. द्वितीय सत्राचा निकाल १ मे रोजी झेंडावंदनानंतर देणाऱ्या शाळेत २० एप्रिल ही शेवटची तारीख धरा. ५४० नोंदी वाचणं हे शेरे लिहिण्यापेक्षा मोठं काम आहे, आणि वेळ कमी असेल तर शेरे सोडा, पण हे सोडू नका.

पेन, शिक्का, चुका

प्रगतिपुस्तकाचा कागद जाड आणि बऱ्याचदा गुळगुळीत असतो. ऑक्टोबरच्या घामट हवेत त्यावर जेल पेन पसरतं आणि गठ्ठा लावला की समोरच्या पानावर उमटतं. साधं निळं बॉल पेन घ्या. लाल नको. शिक्का शेऱ्यावर पडू देऊ नका. आधी शिक्के मारून घ्या, पाच मिनिटं पानं उघडी ठेवा, मग लिहा. शिपाई शिक्के मारत असतील तर जागा पेन्सिलने खूण करून दाखवा.

शब्द चुकला तर व्हाइटनर लावू नका, खाली काय होतं याचा तर्क घरोघरी चालतो. एक आडवी रेघ, वर बरोबर शब्द, शेजारी आद्याक्षरं. वाक्यच चुकलं तर कार्यालयातून नवीन पुस्तक घ्या. यासाठी दर तुकडीला दोन-तीन कोरी पुस्तकं जास्त मागवून ठेवा.

ज्या शाळांत निकाल संगणकावर तयार होतो तिथे तयार शेऱ्यांच्या यादीतून एक निवडायची सोय असते. तो रकाना रिकामा सोडा आणि छापून आल्यावर हाताने लिहा. यादीतलं वाक्य निवडायचं असेल तर मुख्याध्यापक कशाला हवेत?

लिहिलेला प्रत्येक शेरा वहीत त्या मुलाच्या नावापुढे उतरवा. फोटो काढून ठेवले तर मे महिन्यात सापडत नाहीत. पालकांच्या सह्या होऊन पुस्तकं परत येतात तेव्हा सहीशेजारी काही लिहिलं आहे का पाहा. ‘घरी अपूर्णांक घेतले’ एवढंच असलं तरी तेही वहीत टिपा. पुढच्या शेऱ्याची सुरुवात तिथूनच होईल. वही मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात राहू द्या, आणि बदली किंवा निवृत्तीच्या वेळी इतर दप्तराबरोबर नव्या मुख्याध्यापकांच्या हातात द्या.